बॉल मागायला येणारे सेक्रेटरीसाहेब

आमच्या दाराची कडी दोनदा वाजायची, मग जरा थांबून एकदा. एवढ्यावर सगळ्या गल्लीला कळायचं की क्लबाचे सेक्रेटरीसाहेब आले, म्हणजे मैदानावरचा फुटबॉल आमच्या अंगणात पडलाय. मला तर ते आधीच कळलेलं असायचं. बॉल आला की आधी पत्रा वाजायचा, मग काहीतरी फुटायचं, आणि मग भिंतीपलीकडची सगळी ओरड एकदम बंद व्हायची. खेळणारे बावीस जण आणि बघायला जमलेले दोन-तीनशे लोक, सगळे गप उभे. भिंत काय फार उंच नव्हती, माझ्या खांद्याला लागेल एवढीच. कुणीही टांग टाकून आलं असतं आणि बॉल घेऊन गेलं असतं. पण नाय. क्लबाचा नियमच होता, भिंतीवरून कुणी यायचं नाही. सेक्रेटरीसाहेब स्वतः मैदानाच्या मोठ्या दरवाजातून बाहेर पडणार, रस्त्याला वळसा घालून आमच्या गल्लीत येणार, कडी वाजवणार, आणि मी दार उघडलं की दोन पावलं मागं सरून, नजर उंबऱ्याकडं ठेवून विचारणार, "भाभी, बॉल आया क्या?"

बॉल समोर रांजणापाशी पडलेला त्यांना दिसत असायचा. तरी विचारायचे.

मी नवी नवरी होते तेव्हाची पहिली खेप मला आठवते. दारात आलेल्या माणसाला चहा विचारावा म्हणून मी विचारलं, आणि ते जोडे काढून आत येऊन बसले की! तिकडं मॅच थांबलेली आणि इकडं हे बशीत चहा ओतून निवांत फुंकर घालतायत. मला वाटलं, हा माणूस विसरला का काय. नंतर कळलं, विसरत नसायचे. त्यांचं म्हणणं असं, की चहा न घेता बॉल नेला तर तो उचलून नेल्यासारखा होतो, आणि चहा घेऊन नेला तर घरच्यांनी दिल्यासारखा होतो. बाहेरगावच्या टीमा लई चिडायच्या. छावणीतल्या मिलिटरीच्या टीमचा एक कॅप्टन एकदा घड्याळ काढून रेफरीवर तणतणला. रेफरी आमच्याच मैदानावर म्हातारा झालेला. तो म्हणाला, इथं चहाचा वेळ मोजायची पद्धत नाही.

माणूस दिसायला म्हणाल तर उंच, काटकुळा, पाठीत किंचित वाकलेला. चैत्रातल्या उन्हातसुद्धा अंगात शेरवानी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली. निजामाच्या वेळी महसूल कचेरीत कारकून होते, पोलीस ॲक्शननंतर त्याच कचेरीत, त्याच टेबलावर राहिले. फक्त कागद उर्दूचे मराठी झाले. मराठी लिहायला ते क्लबाच्या फळ्यावर शिकले. मॅचच्या आदल्या दिवशी मोठ्या दरवाजाजवळच्या फळ्यावर खडूनं अकरा नावं लिहायचे, एकदा उर्दूत, एकदा मराठीत. मराठीतल्या वेलांट्या हमखास चुकायच्या. पोरं हसली की खडू त्यांच्याच हातात द्यायचे आणि म्हणायचे, आप लिहिये. सगळ्यांनाच आप. भाजीची गाडी ढकलणाऱ्याला आप, रेल्वेच्या खलाशाला आप. हर्सूलकडचा एक धनगर गडी गोलकीपर होता. बकऱ्या सांभाळून त्याचे हात असे झालेले की बॉल सुटायचाच नाही. त्याला पहिल्यांदा कुणी आप म्हटलं तेव्हा मागं कोण उभं आहे ते बघायला तो वळला, असं आमचे हे सांगायचे.

आणि सकाळची त्यांची ती गंमत. त्या काळी निम्मे खेळाडू अनवाणी खेळायचे, घोट्याला फडकी गुंडाळून. मैदानात गोखरूचे काटे. सेक्रेटरीसाहेब रोज कचेरीत जायच्या आधी शेरवानी, टोपी सगळं अंगावर चढवून, फक्त जोडे हातात घेऊन, अनवाणी सगळं मैदान फिरायचे. टोचलं की तिथंच खाली बसायचे, काटा उपटून खिशात टाकायचे. कडूबाई, म्हणजे माझी शेजारीण, भिंतीवरून बघत म्हणायची, "हे बघ, निघाले पाय टोचून घ्यायला." तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण तेव्हा टोमणा मारताना तिचाही आवाज मऊ असायचा.

आम्ही त्या घरात कसे आलो ते सांगायचं राहिलं. आमचं गाव लासूर स्टेशनजवळचं. घरची शेती भावकीत वाटून वाटून एवढीशी राहिली, तेवढ्यात यांना औरंगाबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काम लागलं. पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. शहरात घरं रिकामी पडलेली होती, पण कुणाचं काय हे कुणालाच माहीत नाही, आणि कुणी कुणाला खोली द्यायला धजत नव्हतं. मैदान एका जहागीरदाराचं. तो हैदराबादला गेला, जाताना मैदान आणि गोलाच्या मागचे सात तबेले क्लबाच्या नावे करून गेला. क्लबाची निम्मी टीमसुद्धा गेली, कुणी हैदराबाद, कुणी त्याच्याही पलीकडं. उरलेल्यांत सेक्रेटरीसाहेब. त्यांनी मिळेल तो माणूस धरून टीम उभी केली आणि तबेल्यांत गावाकडून आलेली सात कुटुंबं ठेवली. भाडं नाही, कागद नाही. फक्त एक अट. आम्ही पेटी घेऊन दारात उभे असताना त्यांनी ती आमच्या यांना सांगितली, तीही माझ्यासमोर, म्हणजे मलाही लागू: बॉल आला तर परत द्यायचा. मागायला मी येईन, दुसऱ्या कुणाला देऊ नका.

भिंतीवरून न येण्याच्या नियमामागं काय होतं ते मला लई वर्षांनी कळलं. त्या दिवशी माझी लोणच्याची बरणी फुटली होती, नवीन घातलेलं लोणचं अंगणभर, आणि मी वैतागून म्हणून गेले की असल्या कामाला एवढा वळसा कशाला घालता, एखादं पोरगं धाडा भिंतीवरून, मी काय खाणार आहे का त्याला. त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, पोलीस ॲक्शनच्या त्या दिवसांत आम्ही घरात दारं लावून बसलो होतो. बायका, पोरं, म्हातारी आई, सगळे एका खोलीत. घरातलं पीठ संपलेलं. दुपारी अंगणात धप्पकन आवाज आला. कुणीतरी भिंतीवरून उडी टाकली.

"शेजारचा होता, भाभी. तुमच्यातलाच. पिठाचा डबा घेऊन आला होता. रस्त्यानं यायची त्याला भीती वाटली, म्हणून भिंतीवरून आला. लई भला माणूस. पण आई त्या आवाजानं जी बसली, ती पुढं दोन वर्षं जगली, पण अंगणात कधी आली नाही."

एवढंच बोलले. फुटलेल्या बरणीचे तुकडे स्वतः गोळा केले आणि बॉल घेऊन गेले. त्यानंतर मी वळशाचं नाव काढलं नाही.

अशी पंचवीस-तीस वर्षं गेली. माझी मुलं मोठी झाली, लेकीचं लग्न झालं. गाव आमच्यासमोर केवढं वाढलं. कारखाने आले, चिकलठाण्याकडं वसाहत झाली, शहागंजात चालायला जागा उरली नाही. सेक्रेटरीसाहेब कचेरीतून रिटायर झाले. क्लबातून मात्र झाले नाहीत. आणि मग मैदानाचा प्रश्न निघाला.

मैदान आखूड होतं. गल्लीतल्या मॅचला चालायचं, पण मोठ्या स्पर्धा तिथं होऊ शकत नव्हत्या. प्रेक्षकांना बसायला मातीचा एक उंचवटा, बस्स. क्लबाचे नवीन अध्यक्ष म्हणजे कापसाच्या जिनिंगचे मालक, हौशी माणूस, मनानं वाईट नाही. त्यांनी नकाशा काढून आणला. त्यात मैदान लांब केलेलं, तिन्ही बाजूंना सिमेंटची गॅलरी. आणि लांब कुठल्या बाजूनं करणार? एका बाजूला रस्ता, दोन बाजूंना पक्क्या इमारती. राहिली आमची बाजू. आमच्या सात घरांच्या जागी नकाशात गोल आणि त्याच्यामागं पायऱ्या होत्या. कमिटीतल्या काही लोकांचं म्हणणं पडलं की त्यापेक्षा पडेगावला नगरपालिका मोकळी जागा द्यायला तयार आहे, जुनं मैदान त्यांना देऊ, ते बाग करतील, आपण तिकडं जाऊ. कमिटीत अकरा जण. पाच इकडं, पाच तिकडं. अकरावे सेक्रेटरीसाहेब.

आता त्यांचं मत काय, हे विचारायची गरजच नव्हती. वर्षानुवर्षं प्रत्येक बक्षीस समारंभात ते एकच वाक्य म्हणायचे, की माझी मय्यत याच मैदानातून उठेल. लोक टाळ्या वाजवायचे. मीसुद्धा भिंतीमागून वाजवलेल्या आहेत. आमच्याकडं कागदाचा एक चिटोरा नव्हता. त्यांनी बोट दाखवलं असतं तर आम्ही पेट्या उचलून निघण्याशिवाय काही करू शकलो नसतो.

आमचे हे तर आतल्या आत खचूनच गेले. नोकरीची दोनच वर्षं उरलेली. एक दिवस घरी आले आणि कपाटाला टेप लावायला लागले. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, लासूरच्या खोलीत बसतंय का बघतो. मी टेप हातातून काढून घेतला.

आणि त्याच सुमाराला सेक्रेटरीसाहेबांचं येणं बंद झालं. गल्लीतून गेले तरी पलीकडच्या कडेनं, मान खाली घालून. सकाळी मैदानात काटे काढायचे ते सुद्धा आमच्या बाजूला पाठ करून. मॅचच्या दिवसांत बॉल आमच्याकडं येऊ नये म्हणून त्यांनी गोलामागं दोन बांबू रोवून जाळं बांधलं. कडूबाई म्हणाली, "बघ बाई, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून जाळं लावलं." माझ्याही मनात तेच होतं, पण तिच्या तोंडून ऐकून मला राग तिचाच आला.

मतदान रविवारी ठरलं. त्याच्या आधीच्या गुरुवारी जालन्याच्या टीमशी मॅच होती. बरोबरी चालली होती म्हणे. मी भाकरी थापत होते. जाळ्याच्या वरून बॉल आला, पत्रा वाजला, आणि बॉल माझ्या चुलीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला. मी तो उचलला, घरात नेला, धान्याच्या कोठीवर ठेवला आणि दाराला आतून कडी घातली.

भिंतीपलीकडं शांतता. पहिल्यांदा कॅप्टनची हाक आली, मावशी, बॉल द्या ना. मग अध्यक्ष स्वतः भिंतीजवळ आले. म्हणाले, "ताई, बॉल टाका, पाहुणे खोळंबलेत." मी आतूनच म्हटलं, "सेक्रेटरीसाहेबांना पाठवा. नियम तुमचाच आहे." भिंतीवरून उडी मारायची कुणाची हिंमत नव्हती, अध्यक्षांची पण नाही. एकच बॉल होता त्यांच्याकडं. जालन्याची माणसं मैदानात मांडी घालून बसली. ऊन कलायला लागलं.

लई वेळानं कडी वाजली. दोनदा, मग जरा थांबून एकदा.

मी दार उघडलं. ते दोन पावलं मागं सरले, पण बॉल आया क्या हे विचारलं नाही. चेहरा उतरलेला. म्हणाले, "बॉल द्या, भाभी. आपली अट आहे."

मला वाटलं होतं मी लई काही बोलेन. तीन आठवडे मनात भांडण पाठ केलेलं होतं. पण अट म्हटल्यावर सगळं पळालं. अट मीच मोडायला निघाले होते ना. मी बॉल आणून दिला आणि तोंडातून एवढंच निघालं, "चहा टाकते."

"नक्को, भाभी. आज चाय नक्को."

एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा झालं. ते गेले, मी दार लावलं आणि तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता तरी चुलीकडं वळले नाही. चहाच नको म्हटल्यावर आता काय राहिलं? संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी परत तो टेप काढला. या वेळी मी अडवलं नाही.

रविवारी सकाळी मैदानात कनात लावली होती. आम्ही साती घरांच्या बाया भिंतीला लागून, कुणी पाटावर, कुणी उलट्या घमेल्यावर उभ्या. अध्यक्षांनी नकाशा दाखवला. पाच जणांनी हात वर केले, मग पाच जणांनी दुसरीकडं. मग सगळे सेक्रेटरीसाहेबांकडं बघायला लागले. ते उठले. शेरवानीची वरची गुंडी लावलेलीच होती, तरी परत चाचपली.

म्हणाले, "जनाब, या सात घरांत मी आजपर्यंत दरवाजातून गेलो. कडी वाजवून, विचारून गेलो. आता माझ्या सहीनं तिथं माणसं कुदळी घेऊन भिंतीवरून जाणार. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. मैदान हलवा. मैदान हलतं. पडेगावला जाऊ. पण नगरपालिकेला मैदान देताना ही सात घरं ज्यांची त्यांच्या नावे लिहून द्यायची. तेवढं झालं तर माझं मत तिकडं."

मग अध्यक्ष, नकाशाची गुंडाळी करत, जरा हसून म्हणाले, "आणि तुमच्या मय्यतीचं काय, सेक्रेटरीसाहेब? ती तर इथूनच उठायची होती."

"पडेगावात जागा लई आहे," ते म्हणाले.

सगळे हसले. अध्यक्ष पण. कडूबाई घमेल्यावरून खाली उतरली आणि पदर तोंडाला लावून भिंतीशीच बसली. मी तिथं थांबले नाही. घरात गेले. हे कपाटाला टेकून उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला म्हणाले, पाणी दे. मी पाणी दिलं, ते प्यायले, आणखी मागितलं, तेही प्यायले. छातीवरचं जातं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं होतं दोघांना.

थोड्या वेळानं सेक्रेटरीसाहेब आले. बॉल नव्हता, मॅच नव्हती, तरी आले. मी म्हटलं, आता तरी घ्याल ना? दोन कप प्यायले, लागोपाठ. मग मी विचारलं, मत आधीच ठरलं होतं तर गुरुवारी एक शब्द सांगितला असता, आमचं काळीज किती जळलं. ते मान हलवत म्हणाले, ठरलं तर नकाशा पाहिला त्याच दिवशी होतं. पण मत द्यायच्या आधी तुमच्याकडं चहा घेतला असता तर लोक म्हणाले असते, भाभीच्या चहाला मत दिलं. मग त्या मताला काय किंमत राहिली असती? म्हणून गल्लीच टाळली. सांगा, आता या माणसाला काय म्हणावं! आपल्या मताला डाग लागू नये म्हणून सात घरांना तीन आठवडे अन्न गोड लागू दिलं नाही, आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. मी सांगितल्यावर आलं. मग उठून प्रत्येक दारात गेले, कडी वाजवली आणि माफी मागून आले. कडूबाईनं त्यांना तिसरा कप पाजला.

कागद व्हायला वर्ष गेलं, पण झाले. नगरपालिकेच्या शिक्क्यासकट. यांनी नाव वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं, मग परत यांनी वाचलं.

आणखी दोन वर्षांनी झालेल्या पडेगावच्या पहिल्या मॅचला सेक्रेटरीसाहेबांनी साती घरांना निरोप धाडला. बाकीच्यांना जमलं नाही. मी आणि कडूबाई धपाटे बांधून रिक्षानं गेलो. छावणी मागं पडली, पुढं नुसता माळ, लांब दौलताबादचा किल्ला. मैदानाला ना भिंत, ना घर, बाजूला ज्वारी काढलेली रानं. बॉल बाहेर गेला की कुणीतरी धावत जायचं आणि घेऊन यायचं. सेक्रेटरीसाहेब लाकडी खुर्चीवर बसलेले, शेजारी आमच्यासाठी दोन खुर्च्या ठेवलेल्या. तोवर त्यांना म्हातारपण चांगलंच जाणवायला लागलं होतं. मला काळजी वाटत होती की माणूस इथं उपरा पडला असेल, रमत नसेल. तसं मी विचारलं. म्हटलं, जुन्या मैदानाची आठवण येते का?

ते म्हणाले, "खरं सांगू, भाभी? तिथं बॉल उंच गेला ना, की माझा जीव जायचा. कुणाच्या घरात पडतो, कुणाची चूल, कुणाचं पाळण्यातलं पोर. खेळ चालायचा आणि मी नुसता वर बघत उभा. तीस बरसांत एक मॅच मी धड पाहिली नाही. लोक समजायचे, मैदानाशी इश्क आहे. इश्क कसला, धास्ती होती."

मला काय बोलावं सुचेना, आणि मला सुचेनासं झालं की मी जास्तच बोलते. मी त्यांना घराचं सांगायला लागले. आता आपलंच आहे म्हटल्यावर पत्रे काढून स्लॅब टाकायचा विचार आहे, भिंतीकडच्या बाजूला खिडकी पाडलीय, पलीकडं बागेत पोरं खेळतात ती दिसतात, यांनी पेन्शनीत पेरू लावलाय, लेक बाळंतपणाला येणार आहे, सगळं सगळं. कडूबाई मला कोपरानं ढोसत होती, पण माझं चालूच. तेवढ्यात सेक्रेटरीसाहेबांनी हात वर केला. तोंड माझ्याकडं वळवलं नाही, डोळे मैदानावरच.

"माफ करा, भाभी," ते म्हणाले, "जरा थांबा. कॉर्नर आहे."

आमच्या ओळखीत त्यांनी मला बोलताना कधी अडवलं नव्हतं. मी तोंड मिटलं. कॉर्नर म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नीटसं माहीत नाही. बॉल उंच आला, पाच-सहा डोकी वर गेली, आणि तो सगळ्यांच्या वरून लांब रानात जाऊन पडला. गोल झाला नाही. ते खुर्चीच्या टोकाला येऊन बसले होते, पोरासारखे, आणि टाळ्या वाजवत होते.